दारू होण्याआधीची बिअर

गेल्या महिन्यात मामीबरोबर सुपरमार्केटात गेलो होतो. मी तेलाच्या पिशव्यांचे भाव बघत होतो आणि मामी थंड पेयांच्या कपाटासमोर थबकली होती. चष्मा कपाळावर, हातात सोनेरी रंगाचा कॅन, आणि तो कॅन डोळ्यांपासून हातभर लांब धरलेला.

"अरे, यावर लोंबीचं चित्र आहे. माल्ट लिहिलंय. खाली नॉन-अल्कोहोलिक पण लिहिलंय. हे हॉर्लिक्ससारखं आहे की बिअरसारखं?"

मला हसू आलं, पण प्रश्न अगदी नेमका होता. हल्ली दुकानांत 'झिरो' बिअर, माल्ट ड्रिंक, जवाचं फसफसणारं पेय अशा नावांचे कॅन शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि त्यातलं काय नक्की काय आहे हे भल्याभल्यांना उमगत नाही. मामीला मी तिथल्या तिथे म्हणालो, "दोन्हीसारखं." कारण हॉर्लिक्स काय, बिअर काय, दोघांचं मूळ एकाच गोड रसात आहे. त्या रसाला वर्ट म्हणतात.

इंग्रजी स्पेलिंग बघून 'वॉर्ट' म्हणावंसं वाटतं, पण उच्चार वर्ट. मोड आणून वाळवलेलं धान्य गरम पाण्यात मुरवायचं, त्यातला गोडवा पाण्यात उतरू द्यायचा आणि गाळून घ्यायचं. गाळून आलेलं पाणी म्हणजे वर्ट. त्यात अल्कोहोल थेंबभरही नसतं. बिअर बनवणाऱ्यांत एक म्हण आहे: आम्ही फक्त वर्ट करतो, बिअर यीस्ट करतं. (यीस्ट म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल करणारा सूक्ष्मजीव.) म्हणणं विनयाचं वाटतं, पण त्यात गर्वही आहे. कारण बिअर किती कडू, किती दाट, कुठल्या रंगाची आणि किती चढणारी, यातलं बरंचसं या रसातच ठरून गेलेलं असतं.

नाचणी सत्त्व माहीत आहे ना? मग निम्मं काम झालं

घरात तान्हं बाळ असलं की आजी नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते, हलकी भाजून दळते आणि वस्त्रगाळ करते. यालाच इंग्रजीत माल्टिंग म्हणतात. बिअरसाठी नाचणीऐवजी जव, म्हणजे सातू घेतात, एवढाच फरक. (आपल्याकडे सातूचं पीठ म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा गहू आणि डाळंच असतं, तो विषय वेगळा.)

मोड कशासाठी? दाण्यात पोटभर स्टार्च असतो, पण तो कोठीला कुलूप लावून ठेवल्यासारखा. अंकुराला वाढायला साखर लागते, म्हणून दाणा मोड येताना स्वतःच कुलपाच्या किल्ल्या घडवतो. या किल्ल्या म्हणजे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातलं विकर. किल्ल्या तयार झाल्या पण अंकुरानं कोठी अजून रिकामी केली नाही, अशा नेमक्या वेळी गरम हवा सोडून दाणा वाळवायचा. अंकुर मरतो, किल्ल्या शाबूत राहतात. हे झालं माल्ट.

एन्झाइमची ताकद बघायची असेल तर पोळीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन, न गिळता मिनिटभर चावत राहा. गोड लागायला लागतो. लाळेतलं एन्झाइम तेच काम करत असतं. आजीची मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेसारखी घट्ट होत नाही, तेही यामुळेच.

वाळवताना आच किती, यावर रंग ठरतो. हलक्या आचेचं माल्ट फिकट सोनेरी बिअर देतं. थोडं माल्ट कॉफीच्या बियांसारखं काळं भाजून मिसळलं की स्टाउट नावाची काळी बिअर. थालीपिठाची भाजणी करपवली तर पीठ जसं काळपट कडसर होतं, तसंच. फक्त इथे ते मुद्दाम करतात.

दोन कात्र्या आणि एक थर्मामीटर

आता माल्ट जाडसर भरडून गरम पाण्यात कालवायचं. लापशीसारखं दिसणारं हे मिश्रण म्हणजे मॅश. ते साधारण तासभर ६२ ते ६८ अंश सेल्सियसच्या मध्ये कुठेतरी धरून ठेवतात. हे 'कुठेतरी' फार महत्त्वाचं आहे.

स्टार्च म्हणजे मण्यांची लांबलचक, फाटे फुटलेली माळ समजा. प्रत्येक मणी ग्लुकोजचा. माल्टमध्ये ही माळ कापणाऱ्या दोन मुख्य कात्र्या असतात. पहिली टोकापासून दोन-दोन मणी शिस्तीत तोडत जाते. ही मण्यांची जोडी म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाणं. दुसरी कात्री माळेत कुठेही घुसून तुकडे पाडते. त्यातले काही मोठे तुकडे यीस्टला चावत नाहीत आणि शेवटपर्यंत बिअरमध्ये राहतात. त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. बिअरचा घोट तोंडात पाण्यासारखा न वाटता भरीव वाटतो, त्यात यांचा मोठा वाटा असतो.

पहिली कात्री ६२-६५ अंशांना जोमात असते आणि त्यापुढे लवकर दमते. दुसरी ७० अंशांच्या आसपासही टिकते. म्हणून मॅश ६३ अंशांवर ठेवला तर रसातली बहुतेक साखर यीस्टच्या तोंडची, आणि बिअर हलकी, कोरडी, थोडी जास्त चढणारी. ६८ वर ठेवला तर दाट, गोडसर. धान्य तेच, पाणी तेच, फरक फक्त पाच अंशांचा.

कात्र्यांना पाण्याचा आंबटपणाही जमावा लागतो. आंबटपणा मोजायचं पीएच हे माप १९०९ साली सोरेनसेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं मांडलं, तेही कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना. आज शेतकरी माती तपासताना जो आकडा बघतो, तो बिअरवाल्यांच्या घरून आलेला आहे.

पुढचं सगळं गुऱ्हाळ

इथून पुढची पायरी कोल्हापूरकडच्या माणसाला शिकवायची गरज नाही. रस काढायचा, चोथा बाजूला टाकायचा, मोठ्या भांड्यात उकळायचा, वर आलेली मळी काढायची.

रस गाळायला कापड लागत नाही. जवाची टरफलं तळाशी बसून स्वतःच चाळणी होतात आणि रस त्यातून निथळतो. चोथ्यात राहिलेला गोडवा सोडवायला वरून गरम पाणी शिंपडतात, पण बेतानं. पाणी फार गरम झालं किंवा हाव धरून फार वेळ धुतलं तर टरफलांतला तुरटपणा उतरतो. चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळून काढलेला चहा प्यायला असाल तर ही चव ओळखीची वाटेल.

मी वर्ट पहिल्यांदा चाखलं ते पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत. बिअर करणाऱ्या मुलानं नळ उघडून स्टीलच्या पेल्यात थोडं दिलं. रंग कोऱ्या चहाचा, वाफा निघत होत्या, आणि बोटांना लागलं तिथे चिकट. चव? दूध न घातलेलं हॉर्लिक्स, मागून भाजलेल्या पावाचा वास, आणि गोड इतकं की दुसरा घोट नको वाटला. बिअरची त्यात ओळखसुद्धा नव्हती.

ती ओळख येते उकळताना. तास-दीड तास रस खळखळतो. उष्णतेनं कात्र्या कायमच्या निकामी होतात, म्हणजे साखरेचं गणित तिथे गोठतं. जंतू मरतात. प्रथिनं फाटलेल्या दुधासारखी गोळा होऊन खाली बसतात. आणि पडतात हॉप्स. ही एका वेलीची हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात ती पिकतात, बाकी बहुतेक बाहेरून येतात. त्यातला कडवटपणा पाण्यात सहज उतरत नाही, बराच वेळ उकळल्यावर त्यातल्या आम्लांची घडण बदलते आणि मग उतरतो. पण तेवढ्या वेळात वास उडून जातो. म्हणून कडूपणासाठी हॉप्स सुरुवातीला आणि वासासाठी शेवटी टाकतात. फोडणीत मोहरी आधी, कोथिंबीर गॅस बंद करताना, त्यातलाच प्रकार.

झाकण मात्र बंद करायचं नाही. माल्टमधून एक गंधकयुक्त वायू निघतो, तो कोंडला तर बिअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो.

आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती याची: गुऱ्हाळात मळी धरायला रानभेंडीचा चिकट रस टाकतात, तर ब्रुअरीत त्याच कामासाठी आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ टाकतात. गुळव्या आणि ब्रुअर एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण गढूळ रस नितळ करायला दोघांनी बुळबुळीत वनस्पतीच शोधली.

विरजण लावण्याआधीची घाई

गुळासाठी रस आटवत नेतात. इथे उलट, तो झटकन थंड करायचा असतो. कोमट, गोड, पौष्टिक रस म्हणजे जंतूंना पंगतीचं आमंत्रण. मे महिन्यात ओट्यावर विसरलेलं दूध आठवा. म्हणून डेअरीत असतात तशा पत्र्यांच्या यंत्रातून एका बाजूनं वर्ट आणि दुसऱ्या बाजूनं थंड पाणी खेळवतात. एल जातीच्या बिअरसाठी २० अंशांच्या आसपास, लागरसाठी १० च्या आसपास आणून मग त्यात हवा मिसळतात, कारण यीस्टला सुरुवातीला वाढायला ऑक्सिजन लागतो. मग विरजण लावावं तसं यीस्ट घालायचं.

हे विरजण नक्की काय आहे हे माणसाला फार उशिरा कळलं. १५१६ साली जर्मनीतल्या बव्हेरियात बिअरच्या शुद्धतेचा प्रसिद्ध कायदा झाला. त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं आहेत, यीस्टचा पत्ता नाही. वर्ट आपोआप फसफसतं, असंच दिसायचं. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरनं १८७६ साली बिअरवर पुस्तकच लिहून दाखवून दिलं की आंबणं आणि बिघडणं दोन्ही सूक्ष्मजीवांची कामं आहेत. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या त्याच प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढली.

किती चढेल, हे दूधवाल्याच्या यंत्रानं कळतं

दुधात पाणी घातलंय का बघायला लॅक्टोमीटर बुडवतात. वर्टमध्ये तशीच काचेची नळी बुडवतात. पाण्याचा आकडा १.०००. रसात साखर जितकी जास्त, तितका रस जड आणि आकडा मोठा. समजा वर्टचा आकडा १.०४८ आला. यीस्टनं साखर खाल्ल्यावर तो १.०१० वर उतरला. दोन्हींतला फरक ०.०३८. त्याला साधारण १३१ नं गुणलं की पाच येतात. ही बिअर पाच टक्क्यांची.

कारण सोपं आहे. यीस्ट साखर खातं तेव्हा वजनानं साधारण निम्मी साखर अल्कोहोल होते आणि उरलेली निम्मी कार्बन डायऑक्साइड होऊन उडते. म्हणजे 'स्ट्राँग' बिअर हा काही वेगळा पदार्थ नाही. मुळात वर्टमध्ये साखर जास्त होती, एवढंच. भारतातल्या नियमांप्रमाणे पाच टक्क्यांच्या वर आणि आठपर्यंत असली की तिला स्ट्राँग म्हणतात. माल्ट महाग, म्हणून बऱ्याच कंपन्या साखरेचा भाग वाढवायला तांदूळ, मका किंवा थेट साखरही वापरतात. त्यात फसवणूक नाही, पण चव पातळ होते, हे माझं मत.

मग नुसतं साखरपाणी आंबवलं तर?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आपल्या पेपरातच असतं. 'हातभट्टीवर छापा, कच्चे रसायन नष्ट' ही बातमी कितीदा वाचली असेल. ते रसायन म्हणजे गूळ कालवून आंबायला ठेवलेलं पाणी. त्यात नवसागर टाकतात हेही बातमीत असतं. का टाकतात? यीस्टला नुसती साखर पुरत नाही, नायट्रोजनही लागतो, आणि गुळाच्या पाण्यात तो फार थोडा असतो. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, ती उणीव भरून काढतो.

वर्टला असल्या टेकूची गरज पडत नाही. मोड येताना दाण्यातली प्रथिनंही तुटतात आणि अमिनो आम्लं रसात उतरतात. साखर, नायट्रोजन, खनिजं, सगळं एका पातेल्यात. नुसत्या भातावर नाही, तर वरणभातावर यीस्ट वाढतं म्हणा.

एवढं पौष्टिक असेल तर औषध म्हणून घ्यायला काय हरकत?

हा मोह फार जुना आहे आणि त्यात कॅप्टन कुकसारखा नामांकित इंग्रज दर्यावर्दी फसला. अठराव्या शतकात लांबच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, हिरड्या सुजायच्या, दात पडायचे. आयर्लंडचे डॉक्टर मॅकब्राइड यांची कल्पना होती की ताजं वर्ट पाजलं की स्कर्व्ही बरा होईल. कुकनं १७६८ च्या सफरीत माल्टची पोती नेली, जहाजावर वर्ट करून पाजलं आणि परतल्यावर त्याची तारीफ केली. खलाशांच्या आरोग्यावरच्या कामासाठी १७७६ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कॉपली पदकही मिळालं.

पण स्कर्व्ही होतो क जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं, आणि वाळवलेल्या माल्टमध्ये ते जवळजवळ नसतंच. कुकची माणसं वाचली ती किनाऱ्यावर मिळेल तो ताजा पाला आणि फळं त्यानं सक्तीनं खायला लावली म्हणून. जेम्स लिंड या डॉक्टरनं संत्री-लिंबांचा गुण १७४७ सालीच दाखवला होता. तरी ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट सुरू व्हायला १७९५ उजाडलं. मोठ्या माणसानं चुकीच्या गोष्टीची तारीफ केली की असं होतं.

आपल्याकडे याचीच धाकटी बहीण आहे: 'मुतखड्यावर बिअर घे, धुऊन निघेल.' जवाचं पाणी लघवीला चांगलं, बिअर जवाची, म्हणून बिअर चांगली. इथे गल्लत होते. जवाचं पाणी हे मोड न आणलेल्या दाण्याचं साधं उकळलेलं पाणी, आणि त्यात मुख्य उपयोग पाण्याचाच. बिअरनं लघवी जास्त होते ती अल्कोहोलमुळे. शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक त्यानं दबतं. वरचेवर गेलात म्हणजे शरीर कोरडं पडतंय, आणि खड्याला कोरडेपणाच आवडतो. शिवाय माल्टमधून आणि यीस्टमधून येणाऱ्या प्युरिन नावाच्या द्रव्यांमुळे यूरिक ॲसिड वाढतं, ज्याचेही खडे होतात. पाणी प्या आणि डॉक्टरांना दाखवा.

ज्यांना गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे, त्यांनी जवाचं वर्ट, बिअर, माल्ट घातलेली पावडर, सगळ्यापासूनच लांब राहावं.

आणि पाणी?

मराठवाड्यातल्या वाचकाचा आक्षेप इथेच असणार, आणि तो रास्त आहे. वाळूजच्या बाजूला बिअरचे कारखाने आहेत, आणि २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. एक लिटर बिअरला एकच लिटर पाणी लागत नाही, काटकसरीच्या कारखान्यातही तीन-चार लिटर लागतं. काही चोथ्यात राहतं, काही उकळताना वाफ होतं, आणि बरंच भांडी, नळ्या, बाटल्या धुण्यात जातं. वर्ट थंड करताना गरम झालेलं पाणी पुढच्या घाण्याला वापरता येतं, चोथा गाई-म्हशींना चारा म्हणून जातो. वाया जाणं कमी करता येतं, शून्य करता येत नाही. टँकर येणाऱ्या गावाशेजारी हा हिशेब कसा लावायचा, हे वर्टच्या विज्ञानात लिहिलेलं नाही.

तर मामीच्या कॅनमध्ये काय होतं?

अल्कोहोल नसलेलं 'बिअरसारखं' पेय साधारण तीन वाटांनी होतं. पहिली: नेहमीसारखी बिअर करायची आणि कमी दाबाखाली हलकं तापवून किंवा बारीक पडद्यातून गाळून अल्कोहोल काढून घ्यायचं. दुसरी: आंबवणं अर्ध्यात थांबवायचं, किंवा माल्टोज न खाणारं यीस्ट वापरायचं. तिसरी: यीस्ट घालायचंच नाही. वर्ट किंवा त्याचा अर्क पातळ करायचा, लिंबाबिंबाचा स्वाद द्यायचा, वायू भरायचा. हॉर्लिक बंधूंनी १८८३ मध्ये अमेरिकेत ज्या पावडरचं पेटंट घेतलं, तीही याच घराण्यातली. माल्टचा रस आणि दूध एकत्र वाळवलेलं.

दुसऱ्या वाटेच्या पेयांना पिणारे नावं ठेवतात. कच्च्या रसाचा गोडसर वास राहतो, आणि जाणकार त्याला 'वर्टी' म्हणतात. शिवीच समजा.

मामीच्या हातातला कॅन तिसऱ्या वाटेचा. तिच्या दृष्टीनं मात्र मुद्दा वेगळा होता. साखर खाणारा गडी यीस्ट. तो आलाच नाही, तर अल्कोहोल झालं नाही, पण साखरही जागच्या जागी राहिली. माल्टोज पोटात गेला की लगेच ग्लुकोज होतो. आणि मामीची शुगर गेल्या तपासणीत सीमारेषेवर होती.

कॅन उलटा केला. १०० मिलीला ९ ग्रॅम साखर, कॅन ३३० मिलीचा. मामी शाळेत गणित शिकवायची, तिला वेळ लागला नाही.

"तीस ग्रॅम. म्हणजे सहा चमचे? चहात मी अर्धा घेते!"

तिनं कॅन कपाटात ठेवला. दोन पावलं गेली, परत आली आणि उचलून टोपलीत टाकला.

"यांना नेते. यांची शुगर नॉर्मल आहे," म्हणाली. "आणि तू घरी काही बोलू नकोस. बिअर आणली म्हणून दोन दिवस खूश राहतील."